दुवा उघडतो, पण नेमका कुठे?

सोलापूरच्या यंत्रमाग उद्योगावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी हल्ली तळटिपांमध्ये पुस्तकांच्या बरोबरीने इंटरनेटवरचे दुवेही देतो. छापील ग्रंथाचा संदर्भ अनेक वर्षांनीही ग्रंथालयात जाऊन पडताळता येतो. दुव्याची तशी खात्री देता येत नाही, कारण टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली मांडलेल्या वेबच्या कल्पनेतच दुवा एकतर्फी आहे: आपण एखाद्या पानाचा दुवा दिला, हे ते पान हलवणाऱ्याला कळतच नाही. या मोकळिकीमुळे वेब झपाट्याने पसरले आणि तिच्यामुळेच दुवे तुटतात. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ मधील पाहणीनुसार, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उपलब्ध नव्हती.

असे तुटलेले दुवे शोधण्याचे काम प्रोग्रामकडून करून घेता येते. वर्डची आजची फाईल ही खरे तर झिप केलेली, म्हणजे अनेक फाईली एकत्र आवळून बांधलेली, पेटी असते. तिची प्रत काढून, नावाचा शेवट झिप असा करून ती उघडली, की आतल्या एका लहानशा फाईलमध्ये बाहेर जाणाऱ्या दुव्यांचे पत्ते सापडतात. तपासणीचा प्रोग्राम ते पत्ते उचलतो आणि एकेका सर्व्हरला, म्हणजे ते पान पुरवणाऱ्या संगणकाला, बहुधा पूर्ण पान न मागवता, केवळ विचारणा करतो. उत्तर तीन आकडी येते. २०० म्हणजे सर्व ठीक, ४०४ म्हणजे पान सापडले नाही, ४१० म्हणजे ते कायमचे काढून टाकले आहे. ३०१ हे उत्तर नवी पेठ सोडताना पोस्टात नवा पत्ता देऊन गेलेल्या कुटुंबासारखे असते. तूर्त पत्र पोहोचते, पण ही सोय किती काळ टिकेल याचा भरवसा नसल्याने मूळ मजकुरातला पत्ता लगेच बदलून घ्यावा.

प्रोग्रामच्या अहवालात तुटलेला म्हणून लाल दिसणारा प्रत्येक दुवा खरोखर तुटलेलाच असतो असे मात्र नाही. काही सर्व्हर प्रोग्रामकडून आलेली विचारणा ओळखून ४०३ असे उत्तर देतात, म्हणजे प्रवेश नाकारतात, आणि तेच पान ब्राउझरमध्ये विनातक्रार उघडते. याहून फसवा प्रकार हिरव्या, म्हणजे ठीक ठरवलेल्या, दुव्यांचा आहे. पान नाहीसे झाले तरी काही संकेतस्थळे ‘पान सापडले नाही’ असा मजकूर २०० या आकड्यासहच पाठवतात. सिद्धेश्वर यात्रेच्या कार्यक्रमाचे एखादे पान दर जानेवारीत त्याच पत्त्यावर नव्याने भरले जात असेल, तर जुन्या वर्षासाठी दिलेला संदर्भ चुकीचा ठरतो आणि यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. माझ्या मते तपासणीचा खरा वेळ या हिरव्या दुव्यांवरच खर्च व्हायला हवा, आणि ते काम मजकूर वाचणाऱ्या माणसाचेच आहे.

देवनागरी पत्त्यांची अडचण आणखी वेगळी आहे. ‘सोलापूर’ या शब्दात चार व्यंजने आणि तीन स्वरचिन्हे आहेत. संगणकावर सर्व लिप्या लिहिण्यासाठीच्या युनिकोड या संकेताच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत या सातही चिन्हांना साठवणीची प्रत्येकी तीन एकके, म्हणजे तीन बाइट, लागतात आणि वेबच्या पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे दोन अक्षरे अशा रूपात लिहिला जातो; म्हणजे एवढ्याशा शब्दाची ६३ अक्षरे होतात. असा लांबलचक पत्ता पीडीएफमध्ये दोन ओळींत विभागला गेला, तर कधीकधी पहिल्या ओळीपुरताच दुवा बनतो आणि पान शाबूत असूनही ४०४ येतो. वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम पत्त्याला चिकटला, तरी तोच परिणाम होऊ शकतो.

म्हणून तपासणी वर्डच्या मसुद्यापुरती न ठेवता अंतिम पीडीएफवरही करावी. महत्त्वाच्या पानाची प्रत, ते वाचले त्याच दिवशी, इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करावी आणि तळटिपेत मूळ पत्ता, जतन केलेल्या प्रतीचा पत्ता व पाहिल्याची तारीख अशा तिन्ही गोष्टी द्याव्यात.