साप डूख धरत नाही

रावेर-यावलच्या केळीबागांत आजही सांगतात, नाग मारला की नागीण मारणाऱ्याचा चेहरा ध्यानात ठेवून सूड उगवते. हे साफ खोटं आहे. नाग-नागीण जन्माची जोडी नसते आणि सूड धरण्याइतका सापाचा मेंदू विकसित नसतो. तो जगतो वासावर. दुभंगलेली जीभ लवलवते तेव्हा तिच्या दोन टोकांवर गंधकण चिकटतात. टाळूतलं जेकबसन इंद्रिय ते ओळखतं. कोणत्या टोकावर गंध जास्त, यावरून दिशा कळते. जमिनीची थरथर जबड्यातून आतल्या कानाला पोचते, म्हणून पावलं वाजली की बहुतेक साप आधीच सटकतात. बागेत दुसरा साप निघतो तो ओलावा, पाचोळा आणि उंदरांमुळे.