वाढवलेला रस्सा आणि हाडांचं सूप

पोळ्याचा दुसरा दिवस. कुठे त्याला कर म्हणतात, कुठे पाडवा. श्रावण पाळणाऱ्या घरांत त्या दिवशी महिनाभरानंतर चुलीवर कोंबडीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढतो आणि गल्लीगल्लीतून भाजलेल्या खोबऱ्याचा वास येतो. पाहुणे किती येतील याचा अंदाज चुकतोच, म्हणून कोंबडी नेहमी जास्तच शिजते. मग दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी-दोन वाटी रस्सा, मान, पाठ, एखादी तंगडी असं काहीबाही उरलेलं असतं. आमच्या काकूंचं त्यावर ठरलेलं उत्तर असतं, "दोन गिलास पानी टाक अन् उकयू दे, झालं सूप."

काकूंच्या हातच्या रश्शाला तोड नाही, पण हे सूप नव्हे. हा वाढवलेला रस्सा. दोन्ही पातळ, दोन्ही गरम, दोन्ही वाटीतून पिता येतात, म्हणून गल्लत होते. त्यातून मग कोणी आजारी माणसाला सूप म्हणून तिखट पाणी पाजतं, आणि ज्या हाडांतून खरं सूप निघालं असतं ती उकिरड्यावर जातात. मला वाईट वाटतं ते या हाडांचं.

रश्शाचा दाटपणा येतो वाटणातून. भाजलेला कांदा, खोबरं, खसखस, धने यांचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात आणि त्यांनीच रस्सा अंगाला लागतो. त्यात पाणी ओतलं की हे कण विरळ होतात. वाटी पाच मिनिटं ठेवून बघा: मसाला बुडाशी बसतो, तर्री वर येते आणि मधे नुसतं लालसर पाणी राहतं. चव फिकी पडली म्हणून वरून मीठ आणि तिखट पडतं, तरी अंग काही येत नाही.

सुपाचा दाटपणा वाटणाचा नसतोच. तो सांध्यांतून, कातडीतून, पायांतून आणि हाडांना चिकटलेल्या पांढऱ्या चिवट भागातून येतो. त्या भागात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. ते बराच वेळ मंद आचेवर राहिलं की त्याचं जिलेटिन होतं आणि पाण्यात विरघळतं. विरघळतं, म्हणूनच ते बुडाशी बसत नाही. सूप पिऊन झाल्यावर ओठ एकमेकांना किंचित चिकटतात, ते यामुळेच.

ओळखायची खात्रीची खूण थंड झाल्यावर मिळते. रात्री फ्रिजमध्ये ठेवलेलं पातेलं सकाळी बाहेर काढा. वर पिवळसर चरबीचा पातळ थर असतो. चमच्याच्या कडेनं तो बाजूला सारा आणि खाली हलकेच दाबा. चांगलं सूप थरथरतं, चमचा उचलला की खळगा तसाच राहतो आणि पातेलं कलतं केलं तर सगळं मिळून एका तुकड्यासारखं सरकतं. वाढवलेल्या रश्शात चमचा सरळ बुडतो. वरचा लाल तेलाचा थर आणि खालचा गाळ यांच्यामध्ये पाणीच असतं.

आता प्रश्न असा की मसाल्यात एकदा शिजलेल्या हाडांत काही उरतं का? भरपूर उरतं. मांस शिजलं की आपण गंज उतरवतो, पण सांधे तेवढ्यात पुरते सुटलेले नसतात. इथे गावरान आणि बॉयलर यांत मोठा फरक आहे. बॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत दोन किलोंची होऊन विक्रीला येते. तिचे सांधे कोवळे, त्यामुळे दीड-दोन तासांत ती देईल तेवढं देऊन मोकळी होते. गावरान कोंबडी महिनोन्महिने अंगणात, उकिरड्यावर, वावरात पायपीट करून वाढलेली असते. तिच्यातला चिवटपणा पक्का असतो, तो सुटायला तीन तासही लागतात, पण चव तिचीच. कुकर असेल तर पहिली शिट्टी झाल्यावर आच बारीक करून पाऊण तास पुरे.

करताना आधी हाडांवरचं मांस हातानं सोडवून वेगळं ठेवा. ते तासन् तास उकळलं तर त्याचा चोथा होतो. घ्यायची ती गंजातली हाडं, ताटातली उष्टी नव्हेत. ती एकदा गरम पाण्यातून काढा म्हणजे जळका मसाला आणि जादा तेल निघून जाईल. तंगडीची हाडं पाट्यावर वरवंट्यानं ठेचली तर आतला मगज पाण्यात उतरतो, मात्र कोंबडीच्या हाडाच्या कपच्या अणकुचीदार निघतात, तेव्हा शेवटी सूप फडक्यातून गाळणं आलंच. एका कोंबडीच्या हाडांना दीड ते दोन लिटर गार पाणी, एक कांदा, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, आल्याचा तुकडा, आठ-दहा मिरे आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्या. मीठ आत्ता घालायचं नाही. हाडांत आधीचं मीठ मुरलेलं असतं आणि पाणी आटत जातं, त्यामुळे सुरुवातीला बेताचं वाटलेलं मीठ शेवटी खारट लागतं.

खरी परीक्षा आचेची. पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कपाशीच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या, भडकन पेटतात, त्यांच्या जाळावर पाणी खळाखळा उकळतं आणि चरबी फुटून पाण्यात मिसळते. असं सूप गढूळ आणि तेलकट होतं. एक उकळी आली की जाळ मागे ओढायचा आणि बाभळीच्या निखाऱ्यांवर गंज ठेवायचा. वर मधूनच एखादा बुडबुडा यावा, बस.

गाळलेल्या सुपाला पोटभरीचं करायला आपल्याकडे ज्वारीच्या कण्यांसारखं काही नाही. लिटरभर सुपाला अर्धी वाटी भिजवलेल्या कण्या आणि मूठभर तुरीची डाळ घालून मऊ होईस्तोवर शिजवा. भंडारा-गोंदियाकडे कण्यांच्या जागी तांदूळ येणार हे उघड आहे. सोडवलेलं मांस शेवटच्या पाच मिनिटांत घालायचं, मग मीठ, लिंबू, चिरलेला सांबार. आणि तो उरलेला रस्सा? त्यातले दोन-तीन डाव या सुपात घाला. काकूंच्या वाटणाची सगळी चव उतरते.

हे सगळं उरलेलं रात्री नीट ठेवलं असेल तरच करायचं. पोळ्याच्या दिवसांत हवा दमट असते, आणि भरलेला मोठा गंज झाकून ठेवला तर आतून तासन् तास कोमट राहतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूला नेमकं हेच मानवतं. त्याचे बीजाणू उकळीतही जगतात आणि अन्न कोमट झालं की झपाट्यानं वाढतात. काही जंतूंचं विष तर पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून "सकाळी उकळून घेऊ" यावर विसंबू नका. जेवणं झाल्यावर दोन तासांच्या आत, उकाडा फार असेल तर तासाभरातच, उरलेलं पसरट भांड्यांत काढून निववा आणि फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवसांत संपवा आणि खाताना वाफा येईपर्यंत गरम करा. लाईट रात्रभर गेली असेल किंवा गंज चुलीपाशीच राहिला असेल तर ते अन्न टाकून द्या, कितीही जिवावर आलं तरी.

वाढवलेला रस्सा वाईट, असं मी म्हणत नाही. जेवायला बसता बसता दारात दोन माणसं आली तर तीन तास हाडं कोण उकळणार? तेव्हा रस्साच वाढवावा, फक्त नीट वाढवावा. गार पाणी न ओतता उकळतं पाणी घालायचं, चमचाभर ज्वारीचं पीठ कोरडं भाजून थोड्या पाण्यात कालवून लावायचं आणि पाच मिनिटं उकळू द्यायचं. पिठानं मसाला बुडाशी बसत नाही. त्यात शिळी भाकर कुस्करायची, वरून कच्चा कांदा. आजारी माणसाला आणि लहान लेकरांना मात्र त्यातलं देऊ नका. त्यांच्यासाठी पुढच्या वेळी करीच्या दिवशी कोंबडीला मसाला लागायच्या आधीच मान, पाठ आणि पाय वेगळे काढून हळद-मिठाशिवाय बाजूला ठेवा. त्याचं सूप दुपारपर्यंत तयार होतं आणि त्याला तिखटाचा थेंबही लागलेला नसतो.