पोपटी

पोपटी म्हणजे वालाच्या ओल्या शेंगा भांबुर्डी या रानवनस्पतीच्या पाल्यासह मडक्यात भरून, पाण्याचा आणि तेलाचा थेंबही न घालता, उघड्यावरच्या जाळात शिजवण्याची रायगड जिल्ह्यातील पद्धत. त्या शेंगांनाही पोपटी म्हणतात, आणि त्या खाण्यासाठी मित्रमंडळी, भावकी, शेजारीपाजारी शेतात जमतात त्या रात्रीलाही पोपटीच म्हणतात. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, पनवेल या भागांत थंडी पडली की ‘पोपटी कधी लावायची?’ हा प्रश्न घरोघरी निघतो. पोपटी ‘करत’ नाहीत, ‘लावतात’.

तिचा हंगाम शेतानेच ठरवून दिलेला आहे. भातकापणी झाली की खाचरात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. पुढे दवावर वाढलेल्या या वालाच्या शेंगा पौष-माघाच्या सुमारास भरतात. त्याच दिवसांत बांधावर, पडीक जागेत भांबुर्डी आपोआप माजलेली असते, आणि झोडलेल्या भाताचा पेंढा खळ्यावर रचलेला असतो. शेंग, पाला, जळण आणि बसायला मोकळे शेत, सारे एकाच ठिकाणी, एकाच महिन्यात. पोपटी दुसऱ्या ऋतूत जमत नाही ती यामुळेच. गॅसवर कुकरमध्ये शिजवलेल्या शेंगा चवीला बऱ्या लागतात, पण त्यांना पोपटी म्हणणे योग्य नव्हे.

भांबुर्डी (काही गावांत भामरुड) ही सूर्यफुलाच्या कुळातली, ब्लूमिया प्रजातीतली रानवनस्पती. पाने मऊ, लवदार. चुरगळली की कापरासारखा उग्र वास येतो आणि तो बोटांना बराच वेळ राहतो. कच्च्या पाल्याचा हा वास नवख्याला नकोसा वाटतो, पण वाफेत तो सौम्य होऊन शेंगांत मुरतो आणि पोपटीची ओळख बनतो. पाला नसेल तर पोपटी लावू नये, असे जुनी माणसे सांगतात, आणि ते खरे आहे.

मडके निवडताना बोटाने वाजवून पाहतात. तडा गेलेले मडके जाळात फुटते. तळाशी पाल्याचा जाड थर, त्यावर जाडे मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, कांदे, रताळी, अंडी. कोंबडी घालायची असल्यास तुकड्यांना आले, लसूण, हिरवी मिरची, हळद, मीठ लावून केळीच्या पानात बांधतात. पुन्हा शेंगा, आणि शेवटी तोंडाशी पाला गच्च दाबून बसवतात. शाकाहारी मंडळींचे मडके वेगळे लावतात. मग मडके जमिनीवर उलटे ठेवून भोवती लाकडे, गोवऱ्या, पेंढा रचून पेटवतात. आत पाणी नसते, शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलीचीच वाफ होते. पाल्याचे बूच ती वाफ धरून ठेवते.

साधारण २० ते ३० मिनिटे जाळ सर्व बाजूंनी सारखा लागावा लागतो. वारा एकीकडून असला तर दुसऱ्या बाजूच्या शेंगा कच्च्या राहतात, म्हणून जाळापाशी जाणता माणूसच बसवतात. झाकण उघडून पाहण्याची सोय नसल्यामुळे परीक्षा बाहेरूनच करायची: तापल्या मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे. चर्र होऊन ते तिथल्या तिथे आटले आणि वास सुटला की पोपटी झाली.

हिची जवळची नातलग दक्षिण गुजरातेत आहे. वलसाडच्या बाजूला मडक्यातच पापडीच्या शेंगा, कंद, रताळी हिरवा मसाला लावून शिजवतात. त्याला उंबाडियुं म्हणतात. देशावरचा हुरडा हंगामाने पोपटीचा भाऊ शोभतो, पण तो ज्वारीचा, आणि सहसा दिवसा खायचा.

अलीकडे पर्यटकांसाठी विकतची पोपटीही मिळते. तिने चार घरांना उत्पन्न दिले हे चांगलेच झाले. खरी काळजी वालाच्या शेतांची आहे. खाचरे विकली जाऊन तिथे बंगले आणि गोदामे उभी राहत आहेत, आणि खाचर गेले की वाल, भांबुर्डी, पेंढा तिन्ही एकदमच जातात.

शिजलेले मडके काठीने जाळाबाहेर ओढतात, तोंडाचा पाला काढतात आणि कागदावर किंवा केळीच्या पानांवर सारे ओततात. शेंगा हिरवटकाळ्या, सुरकुतलेल्या. अंड्यांच्या कवचावर पाल्याचे तपकिरी डाग. ताट-वाटी लागत नाही. शेंग दातांत धरून ओढायची, दाणे तोंडात, टरफल बाजूला. बोटे पोळतात, काळी होतात, तरी हात थांबत नाही. पाठीला थंडी, तोंडावर धग अशा बैठकीत पहिले मडके संपत आले की दुसरे जाळात जाते.