आद्य ख्रिस्ती विचारातील मानवी समता

देवापुढे सारी माणसे सारखी, त्यांचा दर्जा कूळ, वंश, लिंग किंवा मालकी यांवरून ठरत नाही, ही रोमन साम्राज्यातील ख्रिस्ती लेखकांनी इ. स. पहिल्या ते पाचव्या शतकांत मांडलेली कल्पना. तिचे मूळ यहुदी धर्मग्रंथात आहे : ‘उत्पत्ती’च्या पहिल्याच अध्यायात देव मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा घडवतो. गुलामही माणूसच, हे स्टोइक तत्त्वज्ञ सेनेकानेही पहिल्या शतकात लिहिले होते, तेव्हा ही केवळ ख्रिस्ती मिरास म्हणता येत नाही.

सर्वांत गाजलेले वचन पौलाचे, म्हणजे पहिल्या शतकातील ख्रिस्ती धर्मप्रचारकाचे. गलतीकरांना (गलतिया प्रांतातील ख्रिस्ती लोकांना) लिहिलेल्या, आता बायबलात असलेल्या पत्रात (३:२८) तो सांगतो, की ख्रिस्तात यहूदी आणि हेल्लेणी (म्हणजे ग्रीक), दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद उरत नाही. बाप्तिस्म्याच्या (ख्रिस्ती दीक्षास्नानाच्या) वेळी म्हणायचे हे आधीचेच सूत्र असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात ते पुन्हा येते, पण तिथे स्त्री-पुरुषांची जोडी गळालेली आहे. व्यवहार तर आणखी मागे होता. करिंथच्या मंडळीत (ख्रिस्ती समुदायात) प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ एकत्र घ्यायच्या जेवणाला, काही जण पिऊन तर्र आणि काही जण उपाशी, म्हणून पौलाला कान उघडावे लागले. अनेसिम या दासाला ‘प्रिय बंधू’ म्हणून स्वीकार, असे तो त्याचा धनी फिलेमोन याला लिहितो. मात्र त्याला मुक्त कर, असे स्पष्ट म्हणत नाही. इफिसकरांना लिहिलेले पत्र तर दासांना धन्याच्या आज्ञेत राहायला सांगते.

तरीही मंडळीत खालच्या थरातील लोकांना स्थान मिळत होते. इ. स. ११२ च्या सुमारास आशिया मायनरमधील (आजच्या तुर्कस्तानातील) बिथिनियाचा रोमन सुभेदार धाकटा प्लिनी याने ख्रिस्ती लोकांची माहिती काढण्यासाठी दोन दासींचा छळ केला. मंडळीत त्यांना ‘सेविका’ (बहुधा मंडळीतील एक पद) म्हणत, असे त्यानेच सम्राट ट्रेजनला कळवले.

चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकाने समतेला न्यायाचा भाग मानले. पण तुमच्यातही गरीब-श्रीमंत, धनी-दास आहेतच ना, या आक्षेपाला त्याचे उत्तर असे, की आम्ही माणसे शरीराने मोजत नाही, आत्म्याने मोजतो. हे उत्तर सोयीचे आहे. त्याने कोणाचीच बेडी सुटत नाही.

सर्वांत धारदार मांडणी आशिया मायनरच्याच कॅपाडोशियातील निसाचा बिशप ग्रेगरी याची. बायबलातील ‘उपदेशक’ ग्रंथावरील चौथ्या प्रवचनात ‘मी दास-दासी विकत घेतल्या’ या ओळीवर तो अडतो आणि सरळ बाजारभाव विचारतो : विवेकबुद्धीची किंमत काय लावलीस? देवाच्या प्रतिरूपासाठी किती नाणी मोजलीस? साऱ्या पृथ्वीचा अधिकार देवाने ज्याला दिला, त्याला विकायचे तर खरेदीखतात पृथ्वीही लिहावी लागेल. धनी आणि दास एकाच हवेत श्वास घेतात, दोघांचीही मातीच होते. गुलामगिरी या संस्थेवरच बोट ठेवणारे असे लेखन त्या काळात दुसरे सापडणे कठीण. कायदा बदलावा, अशी मागणी मात्र यातही नाही.

ग्रेगरी एकाकीच होता. त्याच्या काही दशके आधी, आशिया मायनरमध्येच भरलेल्या गांग्राच्या धर्मसभेने धर्माच्या नावाखाली दासाला धन्याविरुद्ध फितवणाऱ्यांना बहिष्कृत ठरवले होते. पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीनने गुलामगिरी निसर्गसिद्ध नसून पापाचे फळ असल्याचे लिहिले, आणि ते फळ मुकाट्याने सोसण्याचा सल्लाही दिला.

ग्रेगरीची थोरली बहीण मॅक्रिना हिने मात्र घरातच बदल घडवला होता. तिने आईचे मन वळवले आणि आपल्याच दासींबरोबर एका पंक्तीला जेवायला, सारख्याच अंथरुणावर निजायला तिला तयार केले. ही हकिकत ग्रेगरीनेच तिच्या चरित्रात नोंदवली आहे.