विद्यार्थ्यांचं लॉ जर्नल आणि परीक्षकांचं लॉ जर्नल: लेख कुठे, कसा पाठवायचा?

एकच लेख एकाच दिवशी पंधरा-वीस लॉ जर्नल्सना पाठवणं हा शहाणपणा की लबाडी? अमेरिकेतल्यासारखी लॉ स्कूलचे विद्यार्थीच चालवतात अशी जर्नलं असतील तर ती तिथली रोजची रीत आहे. परीक्षकांकडून, म्हणजे त्या विषयातल्या बाहेरच्या जाणकारांकडून, लेख तपासून घेणारी असतील तर मात्र ते सरळसरळ गैरवर्तन, आणि उघडकीला आलं की लेख परत. कायदेनिर्मिती आणि सार्वजनिक धोरण या विषयावर लिहिणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते, कारण दोन्ही जातींची जर्नलं याच विषयाला वाहिलेली आहेत आणि वरवर सारखीच दिसतात.

१९६४ साली सुरू झालेलं ‘हार्वर्ड जर्नल ऑन लेजिस्लेशन’ पहिल्या जातीचं. लॉ स्कूलचे विद्यार्थीच लेख निवडतात, संपादित करतात, छापतात. न्यूयॉर्क विद्यापीठाचं ‘जर्नल ऑफ लेजिस्लेशन अँड पब्लिक पॉलिसी’ही त्यातलंच. दुसऱ्या जातीत ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसचं ‘स्टॅच्यूट लॉ रिव्ह्यू’ येतं, किंवा ‘द थिअरी अँड प्रॅक्टिस ऑफ लेजिस्लेशन’. नावावर जाऊ नका. ‘येल लॉ जर्नल’ विद्यार्थ्यांचं आहे आणि ‘मॉडर्न लॉ रिव्ह्यू’ प्राध्यापकांचं. संपादक मंडळात कोण आहे ते बघायचं, म्हणजे दोन मिनिटांत उलगडा होतो.

विद्यार्थ्यांच्या जर्नलांचं कॅलेंडर त्यांच्या शैक्षणिक वर्षाला बांधलेलं असतं. हिवाळा संपता संपता जुनं मंडळ जातं, नवं येतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये लेखांचा पूर येतो. दुसरी, थोडी लहान लाट ऑगस्टमध्ये. अधल्यामधल्या महिन्यांत पाठवलेला चांगला लेखही कित्येकदा नुसता पडून राहतो, कारण अंक आधीच भरलेला असतो. पाठवणं सोपं आहे: ‘स्कोलॅस्टिका’सारख्या, जर्नलांना लेख पोचवणाऱ्या वेबसाइटवर फाइल एकदा चढवायची आणि हव्या त्या जर्नलांवर खूण करायची. खरी गंमत पुढे आहे. एखाद्या मधल्या फळीतल्या जर्नलाने होकार कळवला की सोबत मुदत येते, आठवडाभर म्हणा, कधी त्याहून कमी. लेखक लगेच वरच्या फळीतल्या जर्नलांना कळवतो की माझ्या हातात अमुक होकार आहे, अमुक तारखेच्या आत वाचता का? याला ‘एक्सपिडाइट’ म्हणतात. तिकडून होकार आला तर आणखी वर. बाहेरच्या माणसाला ही घासाघीस वाटते, आणि ती आहेच, फक्त उघड आणि सर्वमान्य. पण एकदा एखाद्या जर्नलाला हो म्हटलं की मागे फिरायचं नाही, आणि बाकी सगळीकडून लेख त्याच दिवशी काढून घ्यायचा.

परीक्षकांच्या जर्नलात यातलं काहीही चालत नाही. एका वेळी एकच जर्नल. संपादक आधी स्वतः लेख चाळतो, मग बहुधा दोन परीक्षकांकडे लेखकाचं नाव झाकून पाठवतो, आणि मग महिनोन्‌महिने वाट. शेवटी जे पत्र येतं त्यात बहुतेक वेळा ना धड होकार असतो ना नकार. सुधारून पुन्हा पाठवा, असं सांगितलेलं असतं. नवखा लेखक ते वाचून खट्टू होतो. वास्तविक ही चांगली बातमी असते, कारण नको असलेल्या लेखावर कुणी तीन पानी शेरे लिहीत बसत नाही.

खरा फरक दिसतो तो लेखावर पेन चालतं तेव्हा. समजा लेख अमेरिकी राज्यांमधल्या सनसेट तरतुदींवर आहे, म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर कायदा किंवा सरकारी मंडळ आपोआप संपवणाऱ्या कलमांवर. त्यात एक वाक्य आहे: “कोलोरॅडोने १९७६ मध्ये असा कायदा केला आणि पाठोपाठ बहुतेक राज्यांनी त्याचं अनुकरण केलं.” विद्यार्थी संपादक समासात विचारणार: बहुतेक म्हणजे किती? प्रत्येक राज्याच्या कायद्याचं कलम द्या. ‘अनुकरण’ कशावरून, कुणी तसं म्हटलंय का? पान क्रमांक चुकलाय. तळटिपेचा हा साचा ‘ब्लूबुक’च्या, म्हणजे संदर्भ कसे द्यायचे ते सांगणाऱ्या अमेरिकी नियमपुस्तकाच्या, नियमात बसत नाही. परीक्षक यातलं काहीच विचारणार नाही. तो म्हणेल, यातल्या अनेक राज्यांनी हे कायदे पुढे रद्द केले किंवा गुंडाळून ठेवले, मग तुमचा निष्कर्ष टिकतो का? एक जण वाक्याला आधार मागतो, दुसरा त्या वाक्यावर उभ्या असलेल्या युक्तिवादालाच हात घालतो. पोरं काय कायदा तपासणार, असं नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. शेकडो तळटिपांपैकी एकेक मूळ कागदपत्राशी ताडून बघण्याचं काम कुठलाही नामवंत परीक्षक करत नाही. उलट, लेखातली कल्पना खरंच नवी आहे की जुन्याच चर्चेला नवा रंग दिलाय, हे ओळखायला वर्षानुवर्षं त्या विषयात मुरलेला माणूसच लागतो. म्हणून ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’सारखी काही विद्यार्थी-जर्नलंही निवडीआधी जाणकारांचं मत घेतात.

वाचणारा बदलला की लेखाची ठेवणही बदलते. विद्यार्थ्याला विषय पहिल्यापासून समजावून द्यावा लागतो, म्हणून अमेरिकी लेखात पार्श्वभूमीचा एक अख्खा भाग असतो आणि प्रस्तावनेच्या शेवटी पुढे काय काय येणार याचा नकाशा. तळटिपांसह पंचवीस हजार शब्द तिथे नवलाचे नाहीत. परीक्षकांच्या जर्नलांची मर्यादा बहुधा त्याच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली असते. शिवाय धोरणविषयक विद्यार्थी-जर्नलांना ठोस तोडगा आवडतो. शेवटी प्रस्तावित कलमाचा मसुदाच दिलात तर उत्तम.

नावाचंही तसंच. विद्यार्थ्यांच्या बहुतेक जर्नलांत बायोडेटा आणि कव्हर लेटर लेखासोबत जातं, आणि विद्यापीठाचं नाव बघून निवड होते अशी तक्रार जुनीच आहे. परीक्षकांकडे जाणाऱ्या फाइलमधून नाव, आभार, “माझ्या आधीच्या लेखात” असले उल्लेख, अगदी फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं नावसुद्धा काढावं लागतं. आणखी एक खाचखळगा: विद्यार्थी-जर्नलातला ‘नोट’ हा छोटा प्रकार बहुधा त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव असतो. बाहेरच्याने पूर्ण लांबीचा लेखच पाठवायचा.

मग निवड कशी करायची? विषय चालू विधेयकाशी जोडलेला असेल तर परीक्षकांची वाट बघता बघता विधेयक मंजूर होईल किंवा बारगळेल. तो लेख विद्यार्थ्यांकडे द्यावा. अनेक देशांची तुलना असेल, आकडेवारीवर उभा असेल किंवा कायदेनिर्मितीच्या सिद्धांताशी झगडत असेल, तर थोडा धीर धरून परीक्षकांकडे. दोन्ही दारं एकाच वेळी ठोठावता येत नाहीत. विद्यार्थी-जर्नलांकडे लेख पडून असताना तो परीक्षकांच्या जर्नलाला पाठवला, तर अर्ज भरताना ‘हा लेख अन्यत्र विचाराधीन नाही’ या चौकोनावर केलेली खूण खोटी ठरते. आधी सगळीकडून लेख काढून घ्या, पार्श्वभूमीचा भाग कापा, तळटिपा नव्या जर्नलाच्या पद्धतीने करा आणि मगच पाठवा.