शोध वॉर्डातला, पेटंट कोणाच्या नावे?

बडोद्याच्या एखाद्या डॉक्टरला 'पेटंट मिळालं' अशी बातमी आली की दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांत ती लगेच फिरते. अभिनंदनाचे निरोप जातात, सत्कार ठरतो. बातमीत यंत्राचं चित्र असतं, शाल-श्रीफळाचा फोटो असतो. अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे आणि हक्क कोणाच्या नावावर, हे मात्र बहुधा नसतं. वैद्यकीय महाविद्यालयांत पेटंट हा शब्द इतक्या सहज ऐकू येऊ लागला तो गेल्या काही वर्षांत. त्याआधी दीडशे वर्षं डॉक्टरकी आणि पेटंट यांचं फारसं जमत नव्हतं.

कुरबुर अगदी सुरुवातीपासूनची. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या रुग्णालयात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून एका रोग्याला बेशुद्ध केलं आणि त्याच्या मानेवरची गाठ वेदनेशिवाय काढली गेली. मॉर्टन तेव्हा हार्वर्डमध्ये वैद्यकीचं शिक्षण घेत होता. महिना उलटायच्या आत, १२ नोव्हेंबरला, त्याच्या आणि चार्ल्स जॅक्सन या डॉक्टरच्या नावावर पेटंट निघालं. द्रव्य काय ते कळू नये म्हणून त्याने ईथरला रंग आणि सुगंध देऊन 'लीथिऑन' असं नाव ठेवलं होतं. पण ईथरचा वास लपतो थोडाच! शल्यविशारदांनी पेटंट जुमानलं नाही, सरकारी लष्करानेही नाही, आणि १८६२ मध्ये न्यायालयाने ते निकालात काढलं. रोग्याच्या वेदनेवर कर बसवायचा का, हा प्रश्न तेव्हापासून डॉक्टरांच्या मनात आहे.

टोरांटोच्या मंडळींनी त्यातून शहाणपणाची वाट काढली. इन्सुलिनचे हक्क बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी जानेवारी १९२३ मध्ये आपल्या विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. इथे पेटंट घेतलं ते पैशासाठी नाही. दुसऱ्या कुणी घेऊन बाजार अडवू नये आणि भेसळीचं इन्सुलिन विकलं जाऊ नये म्हणून घेतलं. ही बचावाची चाल पुढे शंभर वर्षं विसरून विसरून पुन्हा शोधली गेली.

आपल्याकडे तेवढाही विचार झाला नाही. १८९६ ची प्लेगची साथ आली तेव्हा जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्या दिवसांत लस मिळतेय का, एवढाच सगळ्यांचा प्रश्न होता.

बडोद्याची गोष्ट जरा निराळी आहे, कारण इथे औषधाचा कारखाना मेडिकल कॉलेजच्या चाळीसेक वर्षं आधी आला. सयाजीरावांच्या राज्यात १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली, ती रसायनशास्त्राचे प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने. (मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला चापेकर बंधूंनी फासलेलं डांबर ज्यांनी रसायनं वापरून काढून दिलं, ते हेच गज्जर. मराठी माणसाने त्यांच्यावर राग धरावा की कौतुक करावं, हे अजून ठरायचंय!) पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी अलेंबिक ही कंपनी सुरू केली. पेटंट, प्रक्रिया, परवाना ही भाषा बडोद्याला कळू लागली ती कारखान्याच्या फाटकातून. मेडिकल कॉलेज सुरू झालं १९४९ मध्ये, सयाजीराव विद्यापीठ झालं त्याच वर्षी. सयाजी रुग्णालयाचे वॉर्ड, रोग्यांच्या रांगा, विद्यार्थ्यांचे वर्ग यांत प्राध्यापकाचा दिवस जायचा. काही नवं सापडलं तर तो परिषदेत निबंध वाचायचा किंवा नियतकालिकात लेख छापायचा. बढतीही त्यावरच मिळायची.

त्याच १९४९ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे पन्नास रोग्यांच्या नोंदी मांडून ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये दाखवलं. वनस्पती आपली, रोगी आपले, निरीक्षण आपलं. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं आणि 'सर्पासिल' नावाने जगभर विकलं. यात चोरी नव्हती, हे स्पष्ट म्हणायला हवं. डॉ. वकील यांनी जे छापलं ते सगळ्यांसाठी खुलं होतं, आणि सिबाने केलेलं रसायनाचं काम खरोखरच अवघड होतं. पण वॉर्ड आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये पूल नसला की मोल पलीकडच्या काठाला मिळतं, हे तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

मग कायदा बदलला. अय्यंगार समितीच्या १९५९ च्या अहवालावर आधारलेला पेटंट कायदा १९७० मध्ये संमत झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या द्रव्याला पेटंट नाही, फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेला. आणि तेही मंजुरीपासून पाच किंवा अर्जापासून सात वर्षं, यांतली मुदत जी आधी संपेल तेवढीच. तेच औषध वेगळ्या वाटेने बनवायची मुभा मिळाली आणि देशी औषधकंपन्यांची भरभराट झाली. अलेंबिक आणि साराभाई यांच्यामुळे बडोद्यात रसायनशास्त्राच्या पदवीधराला घराजवळ नोकरी मिळू लागली. डॉक्टरसाठी मात्र या कायद्यात फारसं काही नव्हतं. कलम ३(आय) प्रमाणे उपचाराची किंवा शस्त्रक्रियेची पद्धत पेटंटयोग्य नाही. टाका घालण्याची कितीही नामी युक्ती सुचली तरी ती सगळ्यांची. तो टाका घालणारं उपकरण मात्र पेटंटयोग्य. आज मेडिकल कॉलेजांच्या यादीत उपकरणं इतकी का दिसतात, त्याचं एक कारण हे आहे.

मधल्या काळातली सर्वांत ठसठशीत भारतीय उदाहरणं दोन, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. जयपूरच्या सवाई मानसिंग मेडिकल कॉलेजातले अस्थिशल्यविशारद प्रमोद करण सेठी आणि कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस रबराचा पाय बनवला. उकिडवं बसता येईल, अनवाणी चालता येईल, शेतात चिखल तुडवता येईल असा. त्यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही. ज्याला बनवायचा त्याने बनवावा. दुसरं उदाहरण तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचं. तिथे डॉ. वलियाथन यांनी रुग्णालयाच्या जोडीला तंत्रज्ञानाची शाखा उभी केली, हृदयाची झडप बनवताना आधीचे नमुने फसले तरी सोडलं नाही, आणि १९९० मध्ये ती रोग्याला बसवली. पुढे उत्पादन कंपनीकडे सोपवलं. रबराचा पाय साध्या कार्यशाळेत होतो. झडपेला कारखाना, तपासण्या आणि वर्षानुवर्षांचं भांडवल लागतं. पेटंट नसतं तर ते भांडवल कुणी घातलं असतं? त्यामुळे 'सेठी त्यागी, बाकीचे लोभी' असा सरळ हिशेब मला पटत नाही. वस्तू कोणती, यावर बरंच काही ठरतं.

अमेरिकेत १९८० हे वळणाचं वर्ष. बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधांचे हक्क विद्यापीठांना ठेवता येऊ लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्टॅनफर्डचे कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे बॉयर यांच्या जनुक जोडण्याच्या तंत्राला पेटंट मिळालं, आणि मुदत संपेपर्यंत विद्यापीठांना त्यातून सुमारे २५ कोटी डॉलर मिळाले. दोघंही वैद्यकीय शिक्षणसंस्थांतले. मेडिकल कॉलेजांत पेटंट विभाग वाढले ते या वळणानंतर.

त्याच लाटेत आपली हळद सापडली. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना, तेही मूळचे भारतीय, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. मराठी घरात हे ऐकून आजी हसलीच असती. पण पेटंट कचेरीत आजीची साक्ष चालत नाही. छापील पुरावा लागतो. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन परिषदेने १९९६ मध्ये आव्हान दिलं. पुराव्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला १९५३ चा लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. माशेलकरांना 'हळदीघाटीचे योद्धे' म्हणतात ते यामुळे. मला यात तो १९५३ चा लेख जास्त मोलाचा वाटतो. आपल्या डॉक्टरांनी पेटंट न घेता जे छापून ठेवलं, तेच चाळीस वर्षांनी ढाल झालं.

१ जानेवारी २००५ पासून भारतात औषधद्रव्यालाही वीस वर्षांचं पेटंट मिळू लागलं. कंपन्या सावध झाल्या. महाविद्यालयं हलली ती आणखी दहा वर्षांनी, आणि कारण रोगी नव्हते. शिक्षणसंस्थांची क्रमवारी लावणाऱ्या एनआयआरएफच्या आणि त्यांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यमापनात पेटंटांची मोजणी होऊ लागली, आणि २०२१ मध्ये शिक्षणसंस्थांना अर्जाच्या शुल्कात ८० टक्के सवलत मिळाली. अर्जांचा पाऊस पडला. त्यात खरी कामं आहेत, मी नाकारत नाही. पण एकाच उपकरणावर लांबलांबच्या गावचे दहा-बारा शोधक, ज्यांची एकमेकांशी ओळख असेल की नाही शंकाच, असेही अर्ज दिसतात.

म्हणून बातमी वाचताना थोडं थांबावं. बडोद्याचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातो. अठरा महिन्यांनी, मागणी केल्यास आधीही, तो आपोआप प्रसिद्ध होतो. प्रसिद्ध होणं म्हणजे अर्ज सगळ्यांना वाचायला खुला होणं, बस्स. परीक्षण, हरकती, उत्तरं हे सगळं पुढे. 'पेटंट मिळालं' म्हणून छापलेल्या कित्येक बातम्या या पहिल्या पायरीच्याच असतात. काही तर डिझाइन नोंदणीच्या असतात. तिथे वस्तूच्या रूपाला संरक्षण मिळतं, ती चालते की नाही हे कुणी पाहत नाही.

मालकीचा प्रश्न तर अजून लोंबकळतोच आहे. बे-डोलच्या धर्तीवरचं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं आणि पुढे मागे घेतलं गेलं. नोकरीत असताना लावलेला शोध कोणाचा, हे आपला पेटंट कायदा सांगत नाही. नेमणुकीचा करार आणि संस्थेचं धोरण जे म्हणेल ते. त्यामुळे अर्जात शोधक आणि अर्जदार हे दोन रकाने वेगवेगळे वाचावे लागतात. हक्क अर्जदाराकडे जातो, शोधकाकडे नाव राहतं. आणि वस्तू खरंच वापरात आली का, हे पाहायचं तर मंजुरीनंतर पेटंटधारकाला फॉर्म २७ भरून ते कळवावं लागतं. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्जाच्या क्रमांकावरून बाकीच्या नोंदींसोबत तोही शोधता येतो.