गुदमार्गाचा कर्करोग : प्रकारानुसार उपचार व जगण्याचे प्रमाण

गुदमार्ग म्हणजे पचनमार्गाचा शेवटचा, जेमतेम ३ ते ५ सेंटिमीटर लांबीचा भाग. वरच्या अंगाला त्याचे अस्तर मलाशयासारखे ग्रंथीयुक्त असते, खालच्या अंगाला त्वचेसारख्या चपट्या पेशींचे. शिवाय इथे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशीही असतात. त्यामुळे एवढ्याशा जागेत स्वभावाने अगदी वेगवेगळे कर्करोग उद्भवतात, आणि शस्त्रक्रिया आधी करायची, शेवटचा पर्याय म्हणून राखून ठेवायची की टाळायची हे बायॉप्सीच्या अहवालावर ठरते. रक्त पडणे, खाज आणि दुखरी गाठ ही लक्षणे मूळव्याधीसारखीच असल्याने निदानाला अनेकदा उशीर होतो.

सर्वाधिक आढळतो तो चपट्या पेशींचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. दहापैकी आठ-नऊ रुग्णांना हाच असतो. त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, विशेषतः त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार असतो. १९७० च्या दशकापर्यंत यावर गुदद्वार व मलाशय काढून टाकणे आणि पोटावर कायमचा स्टोमा (मल बाहेर पडण्यासाठी पोटावर केलेले छिद्र) करणे हाच रूढ इलाज होता. अमेरिकेतील डेट्रॉइटचे शल्यविशारद नॉर्मन नायग्रो शस्त्रक्रियेपूर्वी गाठ लहान करण्यासाठी रेडिएशनच्या जोडीला केमोथेरपी देऊ लागले. १९७४ मध्ये त्यांनी तीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील दोघांच्या काढलेल्या भागात कर्करोग उरलेलाच नव्हता. तिसऱ्याने शस्त्रक्रियेला नकार दिला, तरी त्याचा आजार परतला नाही. पूर्वतयारी म्हणून दिलेला उपचारच मुख्य उपचार ठरला, असे वैद्यकात क्वचितच घडते.

आजही मायटोमायसिन आणि फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल (किंवा त्याऐवजी कॅपेसिटाबीनच्या गोळ्या) या केमोथेरपीच्या औषधांसोबत साधारण पाच ते सहा आठवडे रेडिएशन दिले जाते. नुसत्या रेडिएशनपेक्षा ही जोडी सरस असल्याचे ब्रिटनमधील ‘ॲक्ट-१’ चाचणीने १९९६ मध्ये दाखवले. त्यापुढच्या, ९४० रुग्णांच्या ‘ॲक्ट-२’ चाचणीत मायटोमायसिनऐवजी सिस्प्लॅटिन देऊन पाहिले. परिणाम तेवढाच आला. दोन्ही गटांत सुमारे ९० टक्के रुग्णांची गाठ २६ आठवड्यांपर्यंत पूर्ण नाहीशी झाली होती.

या २६ आठवड्यांना फार महत्त्व आहे. रेडिएशननंतर गाठ सावकाश विरघळते. ‘ॲक्ट-२’मध्ये ११ आठवड्यांच्या तपासणीत गाठ पूर्ण गेलेली नसलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७२ टक्के जणांची ती २६ आठवड्यांपर्यंत गेली. म्हणजे घाई करून शस्त्रक्रिया केली, तर अनेकांना विनाकारण कायमचा स्टोमा येईल. म्हणून गाठ वाढत नसेल तर थांबून पाहतात. गाठ उरली किंवा पुन्हा उद्भवली, तर मात्र जुनी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते आणि तिने बऱ्याच रुग्णांचा आजार अजूनही आटोक्यात येतो.

उपचाराची झळ कमी नसते. शेवटच्या आठवड्यांत जांघेची आणि गुदद्वाराभोवतीची त्वचा सोलवटते, जुलाब होतात, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. पुढे शौच रोखता न येणे, स्त्रियांमध्ये योनिमार्ग आक्रसणे व अकाली रजोनिवृत्ती असे त्रास उरू शकतात. बाधित भागाच्या आकाराबरहुकूम किरण देणाऱ्या तंत्राने त्वचेची आणि आतड्यांची हानी कमी झाली आहे.

अमेरिकेतील नोंदींनुसार गुदमार्गाच्या कर्करोगात निदानानंतर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण सर्व टप्पे धरून सुमारे ७० टक्के आहे. आजार जागच्या जागी असेल तर ते ८० टक्क्यांच्या वर जाते, दूरच्या अवयवांत पसरला असेल तर साधारण एक-तृतीयांशावर येते. या सरासरीवर स्क्वॅमस प्रकाराचीच छाप आहे. इतर प्रकारांच्या रुग्णांनी ती आपल्याला लावून पाहू नये. पसरलेल्या स्क्वॅमस आजारात कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेलची जोडी वापरतात. ‘इंटरॲक्ट’ चाचणीत या जोडीवर मध्यम आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) २० महिने होते, तर सिस्प्लॅटिन व फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिलच्या जोडीवर सुमारे १२. अलीकडे तिला इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध चेतवणाऱ्या औषधांची, जोड मिळाली आहे.

गुदद्वाराबाहेरच्या त्वचेवरील लहान, न पसरलेली गाठ कडेच्या निरोगी त्वचेसह काढली की बहुधा पुरते.

ग्रंथींपासून होणारा ॲडिनोकार्सिनोमा हा विरळा प्रकार. त्याला मलाशयाच्या कर्करोगाप्रमाणे हाताळतात, म्हणजे आधी रेडिएशन व केमोथेरपी आणि नंतर शस्त्रक्रिया. नुसत्या किरणोपचाराने तो सहसा पुरता जात नाही आणि निकालही स्क्वॅमसपेक्षा वाईट असतो.

रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींपासून होणारा मेलानोमा त्याहून दुर्मीळ आणि सर्वांत घातक आहे. काही गाठींना रंगच नसतो, त्यामुळे ओळख आणखी लांबते. पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण बहुतेक अभ्यासांत २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी आले आहे. मोठी शस्त्रक्रिया करूनही आयुष्य वाढल्याचे दिसत नाही, कारण रोग बहुधा आधीच शरीरात इतरत्र पोहोचलेला असतो. म्हणून शक्य तिथे गाठीपुरताच भाग काढून गुदद्वार वाचवण्याकडे कल असतो, आणि पसरलेल्या आजारात इम्युनोथेरपी देतात. त्वचेच्या मेलानोमात तिने जेवढा फरक पडला, तेवढा मात्र इथे पडलेला नाही.